पाडवा ते पाडवा : वावरातली कामं बघून महिन्याला एक ध्येय कसं ठरवायचं

मी वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. साडेसहा एकर वावर आहे, त्यातलं दोन एकर विहिरीवर ओलित, बाकी सगळं कोरडवाहू. घरी सासूबाई, हे, मी आणि दोन लेकरं. गेली तीन वर्षं मी दर महिन्याला स्वतःसाठी एक ध्येय ठरवते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. बचत गटातल्या बाया विचारतात कसं जमवते, प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते, लांब होईल पण पुरं वाचा.

पहिल्या खेपेला मी सगळ्यांसारखी १ जानेवारीला सुरुवात केली होती. मोबाईलवर व्हिडिओ बघून बारा गोष्टींची यादी केली, पहाटे पाचला उठणं, योगा, साखर बंद, रोज इंग्रजीचे दहा शब्द, असं सगळं एकाच दिवशी चालू. आता आमच्याकडे जानेवारीत काय असतं ते सांगते. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचं असतं, मोटरची लाईन एक हप्ता दिवसा तर एक हप्ता रात्री, तुरीची सवंगणी म्हणजे कापणी असते, कापसाचा शेवटचा वेचा राहिलेला असतो आणि रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरं हरभऱ्यात घुसतात म्हणून जागलीला, रात्रीच्या राखणीला जावं लागतं. रात्री बाराला लाईन आली की हे मोटर चालू करायला निघतात आणि बॅटरी घेऊन मी मागोमाग, दांड फोडून पाणी वळवायला दोन माणसं लागतातच. तीनला झोपलेल्या बाईनं पाचला उठून योगा कसा करावा? पंधरा दिवसांत सगळं सुटलं आणि किती दिवस मला वाटत राहिलं की माझ्यातच जिद्द कमी आहे. पुढं उन्हाळ्यात निवांत बसले तेव्हा ध्यानात आलं, ती यादी बाराही महिने सारखेच असणाऱ्या माणसाची होती. आपला जून आणि आपला एप्रिल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, मग ध्येय दोन्हीकडे एकाच मापाचं कसं चालेल.

तेव्हापासून माझा सगळा हिशोब एवढाच, महिना जेवढा मोकळा तेवढंच ध्येय मोठं.

आधी कामं लिहा, ध्येयाचं नाव नंतर

सुरुवात गुढीपाडव्यापासून करा असं माझं स्पष्ट मत आहे. सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं साल पाडव्याला बदलतं, बँकेचं वर्ष १ एप्रिलला लागतं, पऱ्हाटीची उलंगवाडी झालेली असते म्हणजे कापसाचा हंगाम संपलेला असतो, पोरांच्या परीक्षा सरत आलेल्या असतात. डोकं आणि हात दोन्ही थोडे रिकामे असतात. एखाद्याला जानेवारीच जमत असेल तर खुशाल करा, पण शेतकऱ्याच्या घरात पाडवाच सोयीचा.

कॅलेंडर पुढं घ्या, जानेवारी ते मार्चची पानं नवीन कॅलेंडरवर येतील त्यांच्यासाठी तूर्त वहीचा कागद जोडा. आता प्रत्येक महिन्यावर फक्त कामं लिहा. जूनला पेरणी. मृग लागतो ७-८ जूनला पण आमच्याकडे खरा पाऊस बहुतेक जूनच्या मध्यानंतरच येतो, आणि ७५ ते १०० मिलीमीटर पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, म्हणजे तो सगळा महिना जीव वरखाली. जुलैला डवरणी म्हणजे कोळपणी, निंदन, खत, फवारणी. ऑगस्टमध्ये राख्या आणि त्यानंतर पोळा, कधी ऑगस्टमध्ये तर कधी सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरला गणपती, महालक्ष्म्या. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची सवंगणी आणि मळणी. नोव्हेंबरला वेचणी. डिसेंबर-जानेवारी पाणी आणि जागल. फेब्रुवारीत हरभरा काढणं, मार्चमध्ये गहू आणि पीककर्जाचा भरणा. एप्रिल-मे लग्नं आणि ऊन, वखरणी सकाळच्या पारी उरकली की दुपारभर घरातच.

सोबत हेही लिहा की घरात कोणाचं ऑपरेशन आहे का, कोणाची दहावी-बारावी आहे का, कोणाचं बाळंतपण आहे का. हे सगळं झालं की प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक शब्द लिहा, भारी, मध्यम किंवा मोकळा. माझे जून, जुलै, ऑक्टोबर, नोव्हेंबर भारी असतात, एप्रिल, मे, सप्टेंबर मोकळे, राहिलेले मध्यम. तुमचं वेगळं असेल. भंडारा-गोंदियाकडं धानाची रोवणी असते तर तिकडं जुलै आणि ऑगस्टचा सुरुवातीचा भाग नुसता चिखलात जातो, वरुड-मोर्शीकडच्या संत्र्यावाल्यांचं गणित कोणता बहार धरला, म्हणजे कोणत्या हंगामाचं फळ घेतलं त्यावर. मजुरीला जाणाऱ्या बाईनं तर जास्तच नीट लिहावं, कारण ज्या महिन्यात काम भारी त्याच महिन्यात तिच्या हातात पैसाही असतो, तिच्या पैशाच्या ध्येयाला तोच महिना कामाचा.

माप असं ठेवा की भारी महिन्याचं ध्येय दिवसाला पाच-दहा मिनिटांच्या वर जाऊ नये, मध्यमचं अर्ध्या तासाच्या, मोकळ्याचं एक तास असलं तरी चालतं.

मनातलं सगळं एकदा कागदावर

आता वेगळ्या कागदावर जे जे बदलायचं, शिकायचं, सोडायचं ते सगळं लिहा, वीस निघो की तीस. लाजू नका, तो कागद कोणाला दाखवायचा नाही. मग एकेक वाचून बघा हे माझ्या हातात आहे का. सोयाबीनला चांगला भाव मिळावा हे आपल्या हातात नाही, त्यावर काट मारा. वजन पाच किलो कमी व्हावं हे अर्धं हातात आहे, काटा आपलं ऐकत नाही, पण रोज चालायला जाणं पूर्ण हातात आहे, मग तेच लिहा.

दुसरं बघायचं ते म्हणजे ही इच्छा माझी आहे की दुसऱ्याचं बघून आलेली. माझ्या यादीत स्कुटी शिकणं होतं. मी स्वतःलाच विचारलं की जावेनं घेतली म्हणून वाटतं का? तर नाही, लेकीला पावसाळ्यात बस चुकली की चार किलोमीटर पायी यावं लागतं आणि हे वावरात असतात, म्हणून पाहिजे. ते ध्येय राहिलं. भरतकाम शिकणं मात्र नुसतं बघून आलेलं होतं, ते गेलं.

मग उरलेल्यांचे चार ढीग करा, शरीर, पैसा, शिकणं आणि माणसं. एकाच ढिगातली ध्येयं लागोपाठ तीन महिने घेऊ नका, कंटाळा येतो. आणि बाराच्या बारा आजच नक्की करायची गरज नाही, पहिले तीन पेनानं लिहा, पुढचे पेन्सिलनं. पाऊस कसा पडतो हे आपल्याला एप्रिलमध्ये कुठं माहीत असतं.

वाक्य असं लिहा की संध्याकाळी हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे

बहुतेकांचं ध्येय इथंच फसतं असं मला वाटतं, म्हणून जरा थांबून वाचा. "तब्येतीकडं लक्ष देईन", "खर्च कमी करीन", "पोरांवर चिडणार नाही" ही वाक्यं चांगली आहेत पण संध्याकाळी दिवा लावताना स्वतःला विचारलं की आज झालं का, तर उत्तरच देता येत नाही. त्याऐवजी "रात्रीच्या जेवणाआधी पांदणीनं पुलापर्यंत जाऊन येईन" असं लिहिलं की उत्तर एका शब्दात मिळतं. "खर्च कमी करीन" च्या ठिकाणी "आज झालेला प्रत्येक खर्च झोपायच्या आधी वहीत लिहीन". "चिडणार नाही" हे तर मी दोनदा लिहून दोनदा हरले, मग असं केलं, "पोरं शाळेतून आल्यावर पहिली दहा मिनिटं अभ्यासाचं विचारणार नाही, नुसतं ऐकीन". ते जमलं. आणि खरं सांगते, चिडणं आपोआप निम्म्यावर आलं.

दुसरी गोष्ट, वेळ घड्याळाची धरू नका, रोजच्या कामाची धरा. खेड्यात सहा वाजता काय होईल सांगता येत नाही, पाहुणे येतील, लाईन जाईल, गाय दूध द्यायला नाही म्हणेल. पण चहा रोज होतो, भांडी रोज घासली जातात. म्हणून "सकाळी चहाचा गंज (पातेलं) उतरवला की गोळी घेईन" हे "सकाळी सातला गोळी घेईन" यापेक्षा कितीतरी पक्कं. आमच्या गावात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिचा आवाज घरापर्यंत येतो, प्रार्थना सुरू झाली की मी कॅलेंडरवर खूण करते, तीन वर्षं झाली ही खूण करायची आठवण मला मोबाईलनं कधी द्यावी लागली नाही.

खूण अशी करायची की झालं तर त्या तारखेवर लाल पेनानं बरोबरची खूण, नाही झालं तर नुसता टिंब. फुली मारू नका. फुल्यांनी भरलेलं पान रोज डोळ्यांसमोर असलं की माणूस त्या भिंतीकडं बघणंच सोडतो, माझं झालंय.

आणि महिन्याभरात सवय लागते हे मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांवर अभ्यास करून २००९ साली मांडलं होतं की एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, आणि माणसामाणसांत, कामाकामांत फरक एवढा की कुठं १८ दिवस तर कुठं २५४. त्यातच हेही निघालं की मधे एखादा दिवस चुकला म्हणून मागचं सगळं वाया जात नाही. म्हणजे तीस दिवसांत आपण फक्त उगवण करतो. त्यामुळं महिना संपला की ध्येय पूर्ण सोडायचं नाही, त्याचा छोटा तुकडा ठेवायचा. अर्ध्या तासाचं चालणं असेल तर पुढच्या महिन्यात दहा मिनिटांचं, रोज हिशोब लिहिणं असेल तर नंतर रविवारी एकदा. मी त्याला मूळ ठेवणं म्हणते. पण एका वेळी तीनपेक्षा जास्त मुळं ठेवू नका, नाही तर तीच बारा गोष्टींची यादी मागच्या दारानं घरात येते.

आठ दिवस उगवण बघायची

ह्यांनी घरचं सोयाबीन बियाणं ठेवलं की मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीनं ठेवतात, गुंडाळून सावलीत, रोज थोडं पाणी शिंपडतात आणि सात-आठ दिवसांनी उघडतात. सत्तरच्या वर कोंब निघाले तर बियाणं पेरायच्या लायकीचं, त्याहून थोडे कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असेल तर ते बियाणं सोडायचं. एका वर्षी मी शेजारी बसून कोंब मोजू लागत होते, चौसष्ट निघाले, आणि ह्यांनी लगेच वहीत लिहिलं की बियाणं थोडं जास्त लागेल. ना राग ना निराशा. मला वाटलं आपण स्वतःच्या बाबतीत असं का करत नाही, सरळ सहा एकर पेरून मोकळं होतो आणि उगवलं नाही की नशिबाला बोल लावतो.

तेव्हापासून प्रत्येक ध्येयाचे पहिले सात दिवस माझ्यासाठी गोणपाटातले. सातपैकी पाच दिवस झालं तर तसंच पुढं चालू. तीन-चार दिवस झालं तर ध्येय निम्मं करायचं किंवा वेळ बदलायची, उदाहरणार्थ संध्याकाळचं चालणं सकाळी नेलं. एक-दोनच दिवस झालं तर हे बियाणं या महिन्याचं नाही, पेन्सिलीनं पुढच्या मोकळ्या महिन्यावर न्या आणि उरलेल्या तीन हप्त्यांसाठी काही सोपं घ्या. हे ठरवायला आठव्या दिवशी पाच मिनिटं लागतात पण ती पाच मिनिटं महिना वाचवतात.

माझे बारा महिने

हे जसंच्या तसं घेऊ नका, मापाचा अंदाज यावा म्हणून सांगते.

एप्रिल : खर्च लिहिणं. पूर्ण महिना प्रत्येक रुपया, पानठेल्यावरचा पुडा आणि लग्नातला आहेरसुद्धा. कमी करायचं काही नाही, नुसतं लिहायचं. महिनाअखेरीला दिसलं की रिचार्ज, आहेर आणि किराण्याची उधारी या तीन जागी आमचा पैसा जातो, भाजी-दुधात नाही. सोबतच स्कुटीचं लर्निंग लायसन्स काढलं. त्यानंतर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही आणि लर्निंग चालतं ६ महिने.

मे : मोकळा आणि माझ्या मते वर्षातला सगळ्यात कामाचा महिना. रोज पहाटे ऊन चढायच्या आधी शाळेच्या ग्राउंडवर अर्धा तास स्कुटी, महिनाअखेर टेस्ट. आणि एक दिवस बँकेत जाऊन विम्याचं बघायचं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देतो, १८ ते ७० वयापर्यंत. जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयात घेता येतो, मृत्यू कशानंही झाला तरी घरच्यांना २ लाख, फक्त नवीन घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघाताशिवाय लागू होत नाही. दोन्हीचं वर्ष १ जूनला लागतं आणि पैसे मेच्या शेवटच्या हप्त्यात खात्यातून आपोआप कटतात, तेव्हा खात्यात शिल्लक पाहिजे. शिल्लक नसल्यानं विमा बंद पडलेला आणि वेळ आल्यावर कळलेलं असं घर मी जवळून पाहिलंय, म्हणून हे ध्येयात घाला.

जून : रात्री जेवण झाल्यावर मोबाईल देवघराच्या कोनाड्यात ठेवायचा, एवढंच. पेरणीत झोप पुरली की बाकी सगळं निभतं.

जुलै यावर जरा बोलायचंय. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किती घरांतली माणसं गेली हे आपण विसरू शकत नाही. म्हणून जुलैचं ध्येय आम्ही दोघांनी मिळून घेतलं. फवाऱ्याला जायच्या आधी तोंडाला मास्क, हातमोजे, डोळ्याला चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं फवारायचं नाही, भर दुपारी तर नाहीच, मधे तंबाखू मळायची नाही, घरी आल्यावर आधी साबणानं आंघोळ मगच लेकरांना हात. ते कपडे मी वेगळ्या बकेटीत धुते. डब्यावरचा त्रिकोण बघायला लेकीनं शिकवलं, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि कोणाला मळमळ, डोळ्यापुढं अंधार, खूप घाम असं झालं तर घरगुती उपाय करत न बसता औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात, डॉक्टरला नाव कळलं की उपचार लवकर होतो. पहिल्या दिवशी हे म्हणाले, "गरमीत मास्क लावून जीव घाबरते." मी म्हटलं सकाळी सहाला जा, नऊला परत या. गेले. त्या महिन्यात फवारणीचे सहा दिवस होते आणि कॅलेंडरवर सहाच्या सहा लाल खुणा. वर्षातलं सगळ्यात छोटं पान आणि मला सगळ्यात प्रिय.

ऑगस्टमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४ निघालं, बायांचं १२ च्या खाली असलं तर रक्त कमी समजतात. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. ध्येय असं लिहिलं की दुपारच्या जेवणानंतर गोळी आणि जेवणाच्या आधी-नंतर एक तास चहा नाही, कारण चहानं अंगात लोह कमी शोषलं जातं. ताटात लिंबाची फोड. चहाचं जड गेलं, पहिल्या हप्त्यात चारच खुणा. पण नोव्हेंबरला परत तपासलं तेव्हा ११.२ होतं आणि वेचणीत मागच्यासारखं चक्कर येऊन धुऱ्यावर बसावं लागलं नाही.

सप्टेंबर मोकळा, शिकण्याचा. मोबाईलवर मराठी टायपिंग आणि बँकेचा मेसेज नीट वाचून समजणं, रोज एक तास, लेक मास्तरीण. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे आधी मला नुसतं पाठ होतं, त्या महिन्यात समजलं.

ऑक्टोबर : सोयाबीनचे पैसे खात्यात आले त्याच दिवशी आधी ठरवलेली रक्कम बाजूला टाकायची, मग उधाऱ्या. पोस्टाची आरडी महिना १०० रुपयांपासून उघडता येते आणि ५ वर्षांची असते. हप्ता भरणं हे मूळ म्हणून कायमचं ठेवलं. नोव्हेंबरला वेचणीत कंबर मोडते, म्हणून रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं कंबरेचे दोन व्यायाम, आरोग्य केंद्रात ताईनं दाखवलेले, बस.

डिसेंबरचं ध्येय माझं एकटीचं नव्हतं. सासूबाईंना अंगठा सोडून सही शिकवायची होती. त्या म्हणाल्या, "माय, मले आता शिकून कोन्ता साहेब व्हायचं हाय." मी म्हटलं आई, श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला जाता तेव्हा बोटाचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, तीन-तीन चकरा होतात, सही आली तर बरं. वयाची आणि कापसाची बोटं, रेषाच राहिल्या नाहीत. रोज रात्री चुलीजवळ पाटीवर एक अक्षर. नाव चार अक्षरांचं, पण पहिल्या अक्षराचा काना काढायलाच नऊ दिवस लागले, पेन्सिल त्या विळ्यासारखी मुठीत धरायच्या. मी त्यांचा हात धरला तर रागवायच्या, "सोड, मी काढतो." तेविसाव्या दिवशी पूर्ण नाव आलं. अक्षरं खाली उतरत गेलेली, शेवटचं अक्षर पाटीच्या कडेला चिकटलेलं. त्यांनी ती पाटी पुसू दिली नाही, दोन दिवस देवाजवळ ठेवली.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणात प्लास्टिक न देता भाजीच्या बियांच्या पुड्या दिल्या आणि महिनाभरात ज्या पाच बायांशी बोलणं तुटलं होतं त्यांच्यापैकी तिघींच्या घरी जाऊन आले. फेब्रुवारीत पोराच्या परीक्षेसाठी रात्री अर्धा तास त्याच्याशेजारी नुसतं बसणं. मार्चमध्ये कर्जाचा हिशोब, बँकेतून किंवा सोसायटीतून आपली शेवटची तारीख लिहून आणायची आणि ती कॅलेंडरवर गोल करायची, पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, एक दिवस उशिरानं ती जाते.

मोडलं तर

मोडणारच. पाऊस ओढ देतो, माणूस आजारी पडतं, घरात मौत होते. सलग तीन टिंब पडले की थांबा आणि ध्येय निम्मं करा. दुबार पेरणी करताना आपण जास्त दिवसाचं वाण घेत नाही, दिवस कमी उरलेत म्हणून लवकर येणारं घेतो, तसंच. चुकलेलं भरून काढायला पुढच्या महिन्यात दोन ध्येयं घेऊ नका, ते व्याजावर व्याज होतं. घरच्यांना ध्येय सांगायचं की नाही, तर एकाच माणसाला सांगा, जो टोमणा मारणार नाही. माझ्यासाठी ती लेक आहे.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. कर्जाचा, पिकाचा, घरातल्या भांडणाचा भार एवढा असेल की झोप उडाली, जेवण जात नाही, जगण्यात राम वाटत नाही, तर तेव्हा कॅलेंडर भिंतीवरून काढून ठेवा, ती वेळ ध्येयाची नसते. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, दिवसा-रात्री केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपल्या विदर्भात किती घरात माणूस बोलला नाही म्हणून गेला. घरातल्या कोणाचं बोलणं अचानक कमी झालं तर त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा आणि नंबर तुम्हीच लावून द्या.

महिना संपताना

शेवटच्या दिवशी पंधरा मिनिटं काढा, लाल खुणा मोजा आणि पानाच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहा. किती दिवस झालं. कोणत्या दिवशी सुटलं आणि त्या दिवशी घरात काय होतं. यातलं मूळ म्हणून काय ठेवते. पुढच्या महिन्याचं पेन्सिलनं लिहिलेलं अजून बरोबर वाटतं का. दुसरी ओळ सगळ्यात कामाची. माझे टिंब बघितले तर बहुतेक शुक्रवारी पडतात, त्या दिवशी आठवडी बाजार असतो आणि घरी यायला रात्र होते. हे कळायला मला पाच महिने लागले. आता शुक्रवारचं ध्येय वेगळं लिहिते, बाजारातून येतानाच बसमध्ये उरकेल असं.

जुनी पानं फाडून चुलीत घालू नका. पाडव्याला नवीन वर्ष लिहायला बसाल तेव्हा मागची पानं शेजारी पसरा, कोणता महिना खरंच भारी होता आणि कोणता आपण उगाच भारी समजत होतो ते तिथं दिसतं. माझा ऑगस्ट मी मध्यम धरला होता, निघाला मोकळा, यंदा त्यात लायब्ररीचं पुस्तक घातलंय, रोज दहा पानं. आणि सासूबाईंनी स्वतःहून एक पान मागितलंय, डिसेंबरचं. आता त्यांना नातवाचं नाव लिहायचं आहे.